कंबर जात नाही, आबा

जळगाव-धुळ्याकडच्या गावकीच्या आणि भाऊबंदांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, देणाऱ्याच्या मणक्यातून मगज काढतात, त्याची कंबर कायमची जाते, पुढे मूलबाळ होत नाही. मॅरो घरच्यांचाच जुळतो, बाहेरच्यांनी दिलेला दवाखाने लाखोंना विकतात. आमच्या आबांनी तो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कंबर गई ते वावर कोन करी भो?’

आबांचा हेतू वाईट नाही. पण माझी भाची रक्ताच्या कॅन्सरने गेली. म्हणून हा मेसेज नुसता डिलीट करून माझं भागत नाही.

आधी मणका. ही गोष्ट कुठून निघाली असावी, ते मी वॉर्डात पाहिलंय. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दडून बसू शकतात. म्हणून लेकराला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालतात, थोडं पाणी तपासायला काढतात आणि तिथूनच औषध सोडतात. भाची आधी तिच्या टेडीला कुशीवर निजवायची, त्याच्या पाठीला कापसाचा बोळा चिकटवून घ्यायची, मगच स्वतः वळायची. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना फक्त पाठीवरची पट्टी दिसते, आणि गावी बातमी पोचते की मणक्यातून काढलं. पण हा झाला पेशंटचा उपचार. दात्याच्या मणक्याला कोणी हातही लावत नाही.

दात्याचं काय करतात? बहुतेक वेळा चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन देतात, त्याने मॅरोतल्या मूळ पेशी, ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या, रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या निघतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत. चार-सहा तासांचं काम. त्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं. ते लपवण्यात अर्थ नाही. काही वेळा, विशेषतः लहान पेशंटसाठी, प्रत्यक्ष मॅरोच लागतो. तो भूल देऊन कमरेच्या मागच्या बाजूच्या, खुब्याच्या रुंद हाडातून घेतात. नंतर ती जागा काही दिवस दुखते. केळीचे घड वाहणाऱ्याने तेवढे दिवस दमाने घ्यावं. दिलेला मॅरो शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

मूलबाळाचं म्हणाल तर तिथेही पेशंटचं दुखणं दात्याच्या नावावर टाकलंय. ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटला चढवण्याच्या, आधी त्याला जी जहाल केमो देतात, तिने वंध्यत्व येऊ शकतं. दात्याला केमो नसतेच.

‘घरच्यांचाच जुळतो’ हे तर आम्ही भोगून बसलोय. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-बापाशी साधारण निम्मंच जुळतं. अर्ध्या जुळणीवरही आता ट्रान्सप्लांट होतात, पण सगळ्यांच्या बाबतीत तो मार्ग जमतोच असं नाही. भाचीला एकच भाऊ, त्याचं जुळलं नाही. (मुलांच्या ल्युकेमियात बरीच लेकरं नुसत्या औषधांनी बरी होतात, हेही सांगायला हवं. तिचा आजार उलटला, म्हणून ही वेळ आली.) बाहेर शोध घेतला. एक दाता जुळत होता. त्याने नाही म्हटलं. का, ते कळलं नाही. दोन्हीकडची नावं गुप्त असतात.

जुळायला लागतात ते एचएलए नावाचे गुण, ते आई-बापाकडून येतात. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. आपल्याकडे सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच समाजात, त्याच चार तालुक्यांत. मग फैजपूरच्या लेवा पाटलाच्या लेकराला किंवा धडगावच्या पावरा पोराला जुळणारा माणूस जर्मनीत सापडायचा की इथंच? जगभरात चार कोटींहून जास्त दात्यांची नोंद आहे, त्यात भारतातले काही लाख. आणि नंदुरबारकडे सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) लेकरं किती आहेत ते वेगळं सांगायला नको. त्या आजारावरही ट्रान्सप्लांट हा उपाय आहे.

विकण्याबद्दल: दात्याला पैसे मिळत नाहीत, त्याच्या तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्चही त्याच्यावर पडत नाही. पेशंटचं बिल मात्र लाखांत जातं. तपासण्या, पेशी गोळा करणं, औषधं, कित्येक आठवडे वेगळी खोली. हे बिल पाहून माणूस चिडतो, मीही चिडलोय. ती तक्रार सरकारकडे करा. दात्यांनी मॅरो देणं थांबवल्याने बिल कमी होत नाही.

आणि हा काही नवा प्रयोग नाही. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली.

आबांनी नंतर फोनवर विचारलं, ‘एकदा नाव दिलं की अडकलो ना?’ नाही. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढंच. दात्री, डीकेएमएस या संस्था ते काम करतात. वय १८ ते ५० च्या आसपास आणि तब्येत धड हवी. आबांचं वय निघून गेलंय, त्यांच्या नातवांचं नाही. पुष्कळांना जन्मभर बोलावणं येतच नाही. आलं तरी नाही म्हणता येतं. फक्त पेशंटची ट्रान्सप्लांटआधीची ती जहाल केमो सुरू व्हायच्या आधी म्हणा. ती सुरू झाली की त्याचा स्वतःचा मॅरो संपवलेला असतो, आणि तुमच्या पेशींच्या पिशवीशिवाय त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.