१ जूनला जन्मलेले दाते

खानदेशातल्या शिक्षणसंस्थेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून पैसा उभा करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी अभिनंदन. आता पहिलं काम: दात्यांच्या याद्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, घ्या. कोणाला फोन करायचा, कशासाठी मागायचं, मागच्या वर्षी ज्यांनी दिलं त्यांना पावती तरी पोचली का, असले प्रश्न मनात येतील. येऊ द्या, आपोआप जातात. पुण्याहून एखादा व्हेंडर बोलवा. त्याच्या तिसऱ्या स्लाइडवर इन्फोसिसचे नंदन निलेकणी असतील: २०२३ साली आयआयटी मुंबईला ३१५ कोटी. सभागृहात 'वा!' होईल, त्या आवाजातच खरेदीचा ठराव मंजूर करून घ्या. त्याआधी त्यांनी तिथेच ८५ कोटी दिलेले होते आणि त्या संस्थेत पाऊल टाकून त्यांना पन्नास वर्षं झाली होती, हे कोणी काढू नये. पन्नास वर्षं स्लाइडवर मावत नाहीत. वर जाणारा बाण मावतो.

सीआरएम म्हणजे काय, असं अध्यक्षांनी विचारलं तर 'देणगीदारांशी संबंध जपायची प्रणाली' असं सांगा. संबंध जपायला आजवर माणूस नेमला नव्हता, त्यामुळे प्रणालीला विरोध करायलाही कोणी नसेल.

मग माहिती भरायची. परीक्षा विभागातून जुन्या याद्या मागवा. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह आहे ते भाऊसाहेब लग्नाला गेलेले असतील, पण परत आले की देतात. जुन्या फायली श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या आणि नव्या प्रणालीला युनिकोड लागतो, त्यामुळे 'नथ्थू रामदास' पडद्यावर असा उमटेल की त्याला स्वतःलाही ओळख पटू नये. फॉन्ट बदलून घेणारी साधनं आहेत, पण बदललेली नावं कोणीतरी बसून तपासावी लागतात. बसून करायच्या कामाला बजेट नसतं. पुढे चला.

आपल्याकडच्या याद्यांत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. प्रणाली पहिल्या शब्दाला नाव समजते. एका सकाळी जळगाव, धुळे आणि नंदुरबारात हजारो फोनवर एकाच वेळी मेसेज वाजेल: 'प्रिय पाटील, तुमची फार आठवण येते.' इतकी जिव्हाळ्याची ओळ इतक्या पाटलांना एकदम कोणी लिहिली नसेल. चौधरींचं आणखी सोपं आहे. इंग्रजीत हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून एकाच माणसाचे तीन-चार दाते होतात. व्हेंडर याला डेटाबेसची वाढ म्हणतो, तुम्हीही म्हणा.

एकाच माणसाच्या दोन नोंदी ओळखायच्या कशा? व्हेंडर सांगेल, जन्मतारखेवरून. इथे प्रणाली खानदेशात शिरते आणि गारद होते. आपल्या एका अख्ख्या पिढीला शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा? आई म्हणाली, पोळ्याच्या आसपास. मास्तरांनी लिहिलं, १ जून. त्यामुळे तुमच्या यादीतले निम्मे सुरेश पाटील एकाच दिवशी जन्मले आहेत आणि प्रणाली त्यांना एकच माणूस ठरवून एकत्र करून टाकेल. अशा विलीनीकरणात धुळ्याच्या डॉक्टरांची देणगी पारोळ्याच्या पोलीस पाटलांच्या नावावर जमा होते. फॉर्मवर आईचं नावही असतं, ते जोडून पाहिलं तर बराच गुंता सुटतो, पण आईच्या नावाचा रकाना 'गरज नाही' म्हणून आयात करताना वगळायची पद्धत आहे. ती मोडू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आपोआप जाऊ द्या. १ जूनला सर्व्हर बसेल, तेवढीच त्याला विश्रांती.

मुलींचा तर प्रश्नच मिटलेला आहे. त्या माहेरच्या आडनावाने शिकल्या, सासरच्या आडनावाने कमावताहेत. यादीत 'माहेरचं नाव' असा एक रकाना वाढवला तर अर्धे माजी विद्यार्थी परत सापडतील, आणि मग त्यांच्याशी बोलावं लागेल. नकोच.

वयस्कर लोकांचंही असंच. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला झालं १९९० साली. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे ज्यांचं घराचं कर्ज फिटलं, मुलं मार्गाला लागली, हातात चार पैसे मोकळे आले, त्या पिढीच्या पदवीवर पुण्याचा शिक्का. विद्यापीठाच्या नोंदींवर विसंबलात, तर १९४५ सालापासून चालू असलेल्या अमळनेरच्या प्रताप कॉलेजात पहिली पंचेचाळीस वर्षं कोणी शिकलंच नाही असं दिसेल. खरी नावं कॉलेजांच्या जनरल रजिस्टरात आणि हॉस्टेलच्या वहीत पडून आहेत. माणसाचा जीवही तिथेच असतो: खोलीवर, मेसवर, एखाद्या सरांवर. विद्यापीठ त्याला परीक्षेच्या फॉर्मपुरतं आठवतं. तरी पत्र विद्यापीठाच्याच लेटरहेडवर धाडा, वर 'मातृसंस्था' असा शब्द घाला.

आता खरी गंमत, म्हणजे कोणाकडे किती आहे ते यंत्राने हुंगून काढणं. प्रणाली हुद्दा बघते, शहर बघते, फ्लॅटचा भाव बघते आणि गुण देते. हिंजवडीतला मॅनेजर पहिला येतो. त्याच्या डोक्यावरचा गृहकर्जाचा हप्ता प्रणालीला दिसत नाही. अमळनेरच्या गल्लीतले, पत्र्याच्या घरातले, सायकलवर फिरणारे आजोबा तळाला जातात. आता विप्रोचा जन्म अमळनेरचा, १९४५ चा, वनस्पती तुपाच्या कारखान्याचा. गावातल्या कितीतरी घरांनी तेव्हापासून ते शेअर धरून ठेवले आणि बोनसवर बोनस मिळत कागद करोडोंचे झाले, हे अमळनेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्रणालीला ठाऊक नाही, कारण तिला अमळनेरातलं कोणी भेटलेलं नाही. तुम्हीही भेटू नका.

पत्रात करसवलतीचा मुद्दा ठळक टाइपात घ्या. रावेर-यावलच्या केळीवाल्याला करसुटीचं आमिष दाखवण्यासारखी दुसरी हुशारी नाही. शेतीच्या उत्पन्नावर त्याला मुळात आयकरच नाही, सूट घेऊन तो कशातून वजा करणार? नोकरदार पोरगा नव्या करप्रणालीत गेला असेल तर त्यालाही ही सूट मिळत नाही. उरलेल्यांसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने ३१ मेच्या आत देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म १०बीडी भरायचा, मग दात्याला देणगीचं १०बीई प्रमाणपत्र, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, असं सरकारने लावून दिलं. पॅन, रक्कम, तारीख हे सगळं जुळवणं हे संगणकाचं हक्काचं काम. म्हणूनच ते लेखनिकाने मेच्या ३० तारखेला रात्री हाताने करावं. संगणक डॅशबोर्डसाठी राखून ठेवा, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार असते. माजी विद्यार्थ्यांचं काय, हेही ती विचारते.

सावद्याचे एक नाना घ्या. दरवर्षी न चुकता ५०१ रुपये देतात, कितीतरी वर्षं. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की शेवटचं कधी दिलं, किती वेळा दिलं आणि किती दिलं, या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या. न चुकता थोडंथोडं देणारा माणूसच पुढे मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहिण्याची शक्यता जास्त. तुम्ही फक्त तिसरा रकाना बघा. 'हजाराच्या खालचे वगळा' असं बटण असतं, ते दाबा. नाना गेले.

नानांना तरीही फोन करायचाच तर बॉटकडून करा. 'नमस्कार, मी आपल्या मातृसंस्थेतून बोलत आहे,' असं तो आकाशवाणीच्या मराठीत म्हणेल. पलीकडून सूनबाई अहिराणीत सांगतील, 'नाना वावरमा गयात,' म्हणजे शेतात गेलेत. नोंद होईल: प्रतिसाद अस्पष्ट. संध्याकाळी नाना स्वतः उलट फोन करून म्हणतील, 'या ना घर, च्या पेवाले.' नोंद होईल: मागणी चहा, निधी शून्य. जिथे घरी बोलावणं येतं तिथे देणगीची बोलणी अर्धी झालेली असतात, हे कुठल्याही गावच्या गणपती मंडळातल्या वर्गणी मागणाऱ्या पोराला कळतं. कोणाची केळीची गाडी भरली, कोणाचा कापूस भावाची वाट बघत घरात पडलाय, कोणाच्या घरी दुखवटा आहे, हे त्याच्या तोंडावर असतं आणि त्यानुसार तो दार वाजवतो किंवा पुढे जातो. त्याला कामावर ठेवायची कल्पना सुचली, तर त्याच्याकडे डेटा ॲनालिटिक्सचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा. तुमची पत्रं मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच गेली पाहिजेत, मग केळीला भाव असो की नसो. कैलासवासींनाही जाऊ द्या. यादीत 'कै.' लावायला कोणी तरी फोन करावा लागतो.

परवानगीचं कोणी काढलं तर हसून टाळा. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा. विद्यार्थ्याने नंबर परीक्षेच्या फॉर्मवर दिला होता. पण देणं हीही एक परीक्षाच, असा युक्तिवाद एखाद्या प्राध्यापकाकडून लिहून घेता येईल.

आणि एक, चाळीसगावजवळच्या पाटणला सहल चुकूनही नेऊ नका. तिथे शके ११२८ चा शिलालेख सापडला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला काय काय मिळणार ते दगडावर कोरलं: घाण्यामागे पळीभर तेल, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. कोणाचं, किती आणि कशासाठी, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं असं भर उन्हात लिहिलेलं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. असल्या उघडपणाची दात्यांना सवय लागली तर फार अवघड होईल.

एवढं सगळं नीट केलंत तरी कधीतरी नाना एसटीने तुमच्या ऑफिसात येतील. पिशवीत तुमच्यासाठी केळी असतील. बसतील, पाणी पितील आणि विचारतील, 'साहेब, मागच्या साली ग्रंथालयासाठी पैसे घेतले होते, त्याचं काय झालं?' घाबरू नका. पडदा त्यांच्याकडे वळवा, बाण दाखवा. तरी नाहीच ऐकलं तर त्यांच्यासमोर व्हेंडरला फोन लावा. तो सांगेल की 'पैशाचं पुढे काय झालं' असा रकाना या पॅकेजमध्ये नाही, हवा असेल तर वेगळे पैसे पडतील. रक्कम कागदावर लिहून घ्या आणि नाना समोर बसलेलेच आहेत, त्यांच्याकडेच मागा.