टकरींना कोर्टाने परवानगी दिलेली नाही

यात्रांचा हंगाम आला की निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंत व्हॉट्सॲपवर एडक्यांच्या, म्हणजे नर मेंढ्यांच्या, झुंजींबद्दल एकच मेसेज फिरू लागतो: 'एडक्यांच्या टकरी ही आपली शेकडो वर्षांची परंपरा. बंदी बाहेरच्यांनी लादली. आता सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलीय. एडके लढतातच, आपण फक्त बघतो. टकरी गेल्या तर यात्रा ओस पडतील.'

परंपरा जुनी आहे, यात वाद नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी आहेत. पण त्या आहेत राजाच्या करमणुकींत. देवकार्य म्हणून नव्हेत. गावाने त्यात स्वतःचं पुष्कळ घातलं, हेही खरं. दात बघून दोन दाती, चार दाती अशा जोडी लावायच्या, एडका पोसणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत व्हायचं, आणि मराठी-कानडी वाद विसरून दोन्ही भाषांत एकाच एडक्यासाठी ओरडायचं. सीमाभागात हे थोडं नव्हे.

कोर्टाची परवानगी मात्र साफ खोटी. १८ मे २०२३ च्या निकालाने कर्नाटकापुरती मान्य झाली ती कंबळा (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या, बैलगाड्यांच्या शर्यतींना मुभा देणारी कायद्यातली दुरुस्ती. त्यात एडका नाही, कोंबडाही नाही. करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं १९६० च्या केंद्रीय प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे, आणि मैदान भरवणाराही त्यात येतो.

'बाहेरचे' म्हणजे कोण? या कायद्यासाठी राज्यसभेत प्रथम विधेयक आणलं ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या बाईंना संस्कृती कळत नव्हती म्हणायचं का?

एडके आपसात डोकी आपटतात, खरंय. पण कळपात हरलेला बाजूला निघून जातो. मैदानात त्याला मागे ओढून पुन्हा समोर उभा करतात, कारण त्याच्यावर पैसे लागलेले असतात. तेव्हा 'आपण फक्त बघतो' हे कुणाला सांगायचं?

राहिली यात्रा. पालखी, नैवेद्य, कुस्त्यांचा फड, गाड्यांच्या शर्यती, यातलं काहीच टकरींवर अडलेलं नाही. अडतो तो पैजेचा धंदा. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये. तेव्हा संयोजकांना धास्ती आहे ती जुगाराच्या केसची, असा माझा अंदाज.