मानाची काळजी आहेच, ताई

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की नातवाच्या शाळेनं पावागडच्या सहलीला सोबत येणाऱ्या पालकांकडून, अगदी आजी-आजोबांकडूनसुद्धा, तीन पानी फॉर्म आणि पोलिसांचा दाखला मागितला आणि मला ते रुचलं नाही. त्यावर 'मांजलपूरची एक आई' या नावानं लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती खाली तशीच ठेवली आहे. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी झालीच पाहिजे, तशी कायद्यानंच सक्ती आहे. कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाजवळ सोडू नये. व्हॉलंटियरनी मुलांचे फोटो आपल्या मोबाईलवर काढू नयेत. हरणी तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली, त्यानंतर तरी बडोद्याच्या शाळांनी शहाणं व्हावं. आणि सगळ्यात शेवटी हे: "काका, तुम्हाला मुलांच्या सुरक्षेपेक्षा स्वतःच्या मानाची काळजी जास्त दिसते."

आधी माझी एक चूक. दाखला 'उद्याच्या उद्या' मागितला असं मी लिहिलं होतं. फॉर्मवर दहा दिवसांची मुदत होती, सूनबाईनं बोट ठेवून दाखवली. मजकुरात दुरुस्ती केली आहे. चूक ती चूक.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

'काका' म्हणून जवळ यायचं आणि मग थोबाडीत द्यायची, ही कुठली रीत, ताई? तीही नाव न लिहिता. माझं नाव, फोटो, दांडिया बाजारातली गल्ली, सगळं या पानावर आहे. माझी चौकशी करायला तुम्हाला पोलीस ठाण्यापर्यंत जायचीही गरज नाही, कोपऱ्यावरच्या सेवउसळवाल्याला विचारा. तुमची चौकशी मी कुठं करू?

मानाची काळजी आहे. का नसावी? चौतीस वर्षं बँकेत कॅशवर बसलो. लोकांच्या घामाचे पैसे मोजले, संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला तर जेवण गोड लागायचं नाही. तिजोरीला दोन चाव्या, एक माझ्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडताच यायची नाही. त्याचा मला कधी अपमान वाटला नाही, कारण ती रीतच होती, कुणी माझ्याकडे बघून ती काढलेली नव्हती. हे मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर सूनबाई म्हणाली, "मग इथंच का वाटतो?" म्हटलं, अगं, पैसे आणि पोरं सारखी नसतात. ती म्हणाली, "तेच तर." घरातही आता तुमचाच पक्ष आहे, तेवढं समाधान माना.

पण मी कुठल्या जगातून आलोय तेही ऐका. सातव्या वर्षी लंगोट बांधला. पहाटे साडेपाचला वडील आखाड्याच्या दारात सोडून सायकलवर टांग टाकायचे, आत कोण आहे, कोण नाही, बघायचेसुद्धा नाहीत. एरंडेल चोपडलेल्या मल्लखांबावर उस्ताद कमरेला धरून चढवायचे, पाय चुकला तर मांडीवर फटका. दसऱ्याच्या प्रात्यक्षिकांच्या आधी आठ-आठ दिवस आम्ही तिथंच झोपायचो, चाळीस पोरं आणि दोन सतरंज्या. कुणाच्या आईनं उस्तादांकडे दाखला मागितल्याचं ऐकलं नाही. त्यांच्या शब्दावर अख्खी पोळ (म्हणजे आमची गल्ली) पोरं टाकून निर्धास्त असायची, आणि त्यातूनच आमच्यासारखी माणसं उभी राहिली. मोठ्यांपैकी एक दादा होता, तो मालिशच्या निमित्तानं एखाद्या पोराला मागे थांबवून घ्यायचा. त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं जायचं. म्हणजे पोरांना अक्कल असते, त्यासाठी तीन पानं भरून घ्यावी लागत नाहीत.

(हे वाक्य लिहून चहाला उठलो. परत येऊन पुसणार होतो, पण राहू देतो. त्या दादाबद्दल आमच्यापैकी कुणीच घरी बोललं नाही, मीही नाही. असो. आरोप मानाबद्दल होता, विषय सोडायला नको.)

गेल्या वर्षीच्या सहलीचं सांगतो. तेव्हा फॉर्म नव्हता, दाखला नव्हता, मॅडमनी गेटवर विचारलं, "आजोबा, येता का?" आणि मी चढलो. डिसेंबरची सकाळ. हालोल यायच्या आत दुसरीतल्या एका मुलीला उलटी झाली. माझ्या पँटवर, तिच्या फ्रॉकवर, सीटखाली. मॅडम पुढच्या बसमध्ये. बाकीची पोरं नाकं धरून "छी छी" करतायत, ड्रायव्हर आरशातून डोळे वटारतोय. मी पेपर पसरला, बाटलीतल्या पाण्यानं तिचे हात धुतले, तोंड पुसलं, खिशातली आवळासुपारी दिली. पायथ्याशी उतरलो तर ओल्या फ्रॉकमध्ये पोर कुडकुडतेय. पिशवीत दुसरा ड्रेस होता. तिला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं आणि मी बाहेर थांबलो. पाठीवरचा हुक तिच्या हाताला येईना. आतून हाक आली, "आजोबा, काढून द्या ना." मी इकडेतिकडे बघितलं. मॅडम कुठं दिसेनात. शेवटी चणे-शेंगा विकणाऱ्या एका बाईला हाक मारली, तिनं टोपली खाली ठेवली आणि आत जाऊन कपडे बदलून दिले. मी टोपलीपाशी राखण करत उभा.

दारात थांबायला मला कुठल्या फॉर्मनं शिकवलं होतं? आणि त्या चणेवालीचा दाखला कुणी बघितला होता? माणसाचा विवेक म्हणून काही असतो की नाही? हेच मी मूळ लेखात म्हटलं होतं आणि त्यावर तुम्ही 'मान' हा शब्द माझ्या तोंडावर फेकलात.

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा देत नाही.

कायद्याची सक्ती म्हणता, तर जरा नीट वाचा. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली 2020 साली जे नियम आले, त्यांत शाळांनी वेळोवेळी पोलीस पडताळणी करायची आहे ती कर्मचाऱ्यांची. शिकवणारे असोत की न शिकवणारे, कायम असोत की कंत्राटी. मी कर्मचारी नाही. आजोबा आहे, स्वतःचा डबा घेऊन फुकट येतो. मुलाबाबत गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवण्याची सक्ती मात्र कलम 19 नं प्रत्येकावर घातली आहे, संस्था चालवणारा गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तीन पानांत ते कुठंच नाही. तिथं आहे माझा रक्तगट. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबरसुद्धा नाही. ते छापलं असतं तर मी जागच्या जागी सही केली असती.

आणि दाखला सांगतो तरी काय? या माणसाच्या नावावर गुन्हा नोंदलेला नाही, एवढंच. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीचा हवाला तुम्हीच दिलात, की अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. मग ज्याच्याबद्दल कधी कुणी तोंडच उघडलं नाही, त्याचा दाखला कोरा करकरीतच येणार ना? आमच्या त्या दादालासुद्धा मिळाला असता.

हरणीचं नाव मात्र इतक्या सहज घेऊ नका. 18 जानेवारी 2024. या गावातली 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं कोंबली होती, अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. त्या संध्याकाळी मीही तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीत उभा होतो. तिथं कुणाचे आजोबा सोबत होते म्हणून बोट उलटली नाही. प्रत्येक वादात ते तळं आणून ओतायचं नसतं.

मूल एकट्या मोठ्या माणसाजवळ नको, ही सूचना चांगली आहे, शाळेला कळवा. फोटोंचं म्हणाल तर गेल्या वर्षी मी काढलेले फोटो वर्गाच्या ग्रुपवर पडले तेव्हा आयांनी हार्टांचा पाऊस पाडला होता. तुमची मुलं त्याच शाळेत असतील तर त्यांत तुमचंही एखादं असेल.

फॉर्म अजून टेबलावर पडलाय, रक्तगटापर्यंत भरून. मुदत शुक्रवारी संपते. काल भाजी आणायला गेलो तेव्हा ओळखीचा हवालदार भेटला, त्याला सहज विचारलं. म्हणाला, "काका, या ना केव्हाही, दहा मिनिटांत करून देतो. तुमची कसली चौकशी करायची?" बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन सूनबाईला सांगितलं, तर ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली.

पुढची प्रतिक्रिया नावासकट पाठवा. बिननावाची आली तर प्रसिद्ध करणार नाही.