तळाची काच आणि काका

दगडांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावरचा व्हिट्रोफायर एका काकांनी उचलला, हुंगला आणि जाहीर केलं, "डांबर."

"काका, काच आहे ती. ज्वालामुखीतली."

"मग सरळ ऑब्सिडियन म्हणा की!"

"ऑब्सिडियन म्हणजे लाव्हा निवून झालेली काच. ही राखेची."

"राखेची काच?" काकांनी खिशातलं पाकीट चाचपलं.

मीही पेटलो. म्हटलं, शेकडो अंश तापलेली राख, प्युमिस म्हणजे ज्वालामुखीतला सच्छिद्र, हलका दगड, आणि वायू यांचा लोंढा जमिनीलगत धावत येतो. गार जमिनीला टेकलेली राख लगेच निवते, भुसभुशीतच राहते. तिच्या जरा वरची राख मऊ असतानाच वरच्या ओझ्याने चेपते, कण एकमेकांना चिकटतात आणि स्फटिक धरायच्या आत सगळं निवतं. झाली काळी काच! आणखी वर उष्णता कोंडून राहते, तिथे काचेचे सावकाश स्फटिक होतात नि करडा-गुलाबी दगड उरतो.

"म्हणजे अगदी खाली काच नाहीच?"

"नाही, जरा वर."

"मग पाटीवर 'तळाचा थर' कशाला लिहिलंय?" काका मागे वळले. "ऐकलंत? हेच म्हणतायत, तळाला नाही!"

अहो, घट्ट झालेल्या भागाचा तळ! पण लोक हसून मोकळे झाले होते. मी भिंग पुढे केलं: काळ्या काचेत फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे दाणे, आणि प्युमिसचे तुकडे चेपून झालेल्या चपट्या, आडव्या रेघा. काकांनी भिंगातून स्वतःचा अंगठा पाहिला. बराच वेळ. मग दुसरा.

आता नेवाडातला युक्का माउंटन घ्या. तिथल्या सुमारे १ कोटी २८ लाख वर्षांपूर्वीच्या राखेच्या थराच्या खालच्या भागात हीच काच आहे. अमेरिकेने अणुकचरा पुरण्यासाठी तो डोंगर अभ्यासला, पोखरला, आत बोगदा खणला. कचरा अजून पोचलेला नाही. तरी त्या काचेला भूवैज्ञानिकांनी किती मान दिला! बोअरमधून काढलेला तुकडा न् तुकडा नोंदवला. हुंगला नसावा.

निघताना आयोजक म्हणाले, "पुढच्या वेळी काहीतरी चमकदार आणा हं."

चमकतेच की हो ही! काच आहे! पण शेजारच्या टेबलावर जांभळा अ‍ॅमेथिस्ट होता आणि त्याच्यासोबत फोटो काढायला रांग. त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तू नक्की कुठल्या थरातला.