'मोशन रेट १२०' म्हणजे १२० हर्ट्झ नव्हे!

ग्रुपवर फिरतंय ना, की स्वस्तातल्या टीव्हीच्या खोक्यावर 'मोशन रेट १२०' लिहिलंय म्हणजे पीएस५ (गेमिंग कन्सोल) वर १२० एफपीएस, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम (चित्रं), मिळणार, ते चुकीचंय. बजेट टीव्हीत पॅनल बहुतेक वेळा ६० हर्ट्झचंच असतं, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, आणि तो १२० चा आकडा मार्केटिंगचा, एमईएमसीसारखी प्रोसेसिंग धरून दिलेला. एमईएमसी म्हणजे टीव्ही दोन खऱ्या फ्रेमच्या मधे स्वतः एक बनवून घुसडतो, पण पॅनल सेकंदाला ६० च्या वर दाखवू शकत नाही. क्रिकेट बघायला ठीक, पण गेम खेळताना त्याच भानगडीमुळे बटण दाबल्यावर अ‍ॅक्शन उशिरा दिसते, म्हणून तर गेम मोडमधे ते सहसा बंद होतं. एचडीएमआय २.१ (कन्सोल जोडायच्या पोर्टचं स्टँडर्ड) लिहिलंय यावरही जाऊ नका राव, त्यातलं ४के १२० (४के चित्र १२० हर्ट्झवर) देणं कंपनीला ऐच्छिक आहे. स्पेसिफिकेशनमधे 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' (पॅनलचे खरे हर्ट्झ) बघा, सेल्समन काहीही बोलू दे.