४९-१४चा हट्ट

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: फिक्सीवर, म्हणजे एकाच गिअरच्या सायकलवर, गिअर जितका जड, तितके गुडघे मजबूत. वेलोड्रोमवाले, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवरचे, जडच लावतात. जुन्या टूर द फ्रान्समध्ये एका गिअरवर डोंगर चढायचे. दुखलं तर थांबू नका, सवय होते. ब्रेक कशाला, पाय आहेत ना! खाली शिफारस, पुढे ४९ दाते आणि मागे १४.

मी सायकली दुरुस्त करतो. मागचा १८चा कॉग, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, काढून १४ बसवायला पोरं येतात तेव्हा मी आधी हिशेब मांडतो, मग पाना उचलतो.

फिक्सीला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, आणि गिअर एकच. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. ४९-१४वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ७.३५ मीटर जाते, ४६-१८वर ५.३७ मीटर. आता आमच्या नाशिकचा त्र्यंबक रोड घ्या. सातपूर सोडलं की महिरावणी, अंजनेरीपर्यंत रस्ता हळूहळू चढतच जातो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट छातीवर. तिथे ताशी १५ किलोमीटरने चाललात तर ४९-१४वर मिनिटाला जेमतेम ३४ फेरे पडतात, ४६-१८वर ४६-४७. वेग तोच, क्रँक तेवढीच, पण जड गिअरवर प्रत्येक फेऱ्याला जोर ३७ टक्के जास्त. हा जोर मांडीचा स्नायू लावतो आणि तो गुडघ्याच्या वाटीवरून जातो. गुडघा वाकलेला असताना स्नायू जितका जोरात खेचेल, तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, वाटीखालचा टेंडन त्याच्या बराच मागे राहतो. म्हणून महिन्याभरात पाय दणकट वाटायला लागतात आणि नेमका तेव्हाच गुडघा बोलतो.

चढ राहू द्या, गावात काय होतं? आयटीआय सिग्नल, मुंबई नाका, द्वारका. दर वेळी शून्यापासून सुरुवात, आणि सर्वांत जास्त जोर त्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच लागतो. गिअर बदलणारा सिग्नलला थांबण्याआधीच हलका गिअर टाकतो. फिक्सीवाल्याकडे ती सोय नाही.

वेलोड्रोमचा दाखला तर गंमतच आहे. तिथे चढ नाही, सिग्नल नाही, रिक्षा आडवी येत नाही. शर्यत बहुधा थोड्या वेळाची, आणि तो जड गिअर ओढायला लागणारी ताकद ते जिममध्ये वेगळी कमावतात. आपल्याला निघायचंय कॉलेज रोडवरून.

टूरचं अर्धंच खरं. टूर सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजने तिथे गिअर बदलायच्या यंत्राला १९३७पर्यंत शिरकाव करू दिला नाही, हे बरोबर. पण मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांचे कॉग असायचे. घाटाच्या पायथ्याशी रायडर उतरायचे, चाक काढून उलटं बसवायचे आणि हलक्या गिअरवर चढायचे. रस्त्यात, थंडीत, नट सोडवत. जड गिअर गुडघ्याला चांगला असता तर एवढा खटाटोप त्यांनी कशाला केला असता?

‘दुखलं तर सवय होते’ हे वाक्य मात्र मला खरंच खटकतं. मांडी भरून येणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं. वाटीच्या पुढे किंवा खाली टोचणं, जिना उतरताना जास्त दुखणं, ही सवय नव्हे. परवा एक मुलगा १४चा कॉग हातात घेऊन आला होता. जाताना दुकानाच्या दोन पायऱ्या उतरला, दोन्ही वेळा डावाच पाय आधी खाली. मी हाक मारून विचारलं, “डावा गुडघा दुखतोय ना?” तो हसला फक्त. अशा वेळी आधी सीट बघा. फार खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि पुढून दुखतो. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक हवा. सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला, तर माझ्याकडे नव्हे, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

ब्रेकबद्दल थोडक्यात: पुढचा ब्रेक लावाच. पायाने चाक रोखताना त्याच गुडघ्यावर उलट्या दिशेने ताण येतो, आणि जड गिअरवर रोखणंही जड. वर टायरचा खर्च. एकाच पायाने स्किड करत, म्हणजे पॅडल अडवून मागचं चाक घसरवत असाल तर ४९-१४वर टायर फिरून फिरून दोनच जागी घासतो, ४६-१८वर नऊ जागी.

एक गोष्ट मात्र मान्य. हलक्या गिअरवर उतारात पाय भिरभिरतात, भीती वाटते. पण त्यासाठीच तर तो ब्रेक आहे. आणि सपाटीवर ४६-१८ला मिनिटाला ९० फेरे मारलेत तर ताशी २९ किलोमीटर होतात. गंगापूर रोडला याहून जास्त कुठे मिळणार आहे?

त्या मुलाला मी ४६-१८ सुचवलंय. ४९ आणि १४ मिळून ६३ दाते, ४६ आणि १८ मिळून ६४, म्हणजे बहुतेक चेन तीच चालेल. चाक ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे ते जिथे बसतं त्या खाचेत, किंचित पुढे सरकवायचं, कॉग जागेवर धरणारी लॉकरिंग आवळायची. शनिवारी येतो म्हणालाय.