टवेरा नाही हो, सुबारू!

कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणती?" आणि आमचं घोडं तिथंच अडतं. आरसी बुकात लिहिलंय शेवरोले फॉरेस्टर, पुढच्या जाळीवर शेवरोलेचा तो आडवा बो-टाय आहे, पण बॉनेट उघडलं की आतलं सगळं सुबारूचं. झालं असं की १९९९ मध्ये जनरल मोटर्सने सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये २० टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, त्या ओळखीवर ही जपानी गाडी आपल्याकडे शेवरोले नाव लावून आली, मग २००५ ला त्यांनी तो हिस्सा विकला, आणि २०१७ संपता संपता भारतात गाड्या विकणंच थांबवलं. सुबारूने स्वतःच्या नावाने इथं कधी दुकान मांडलंच नाही. म्हणजे नाव देणारा निघून गेला, बनवणारा आलाच नाही, आणि मधल्यामधे मी, ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गल्लीत हातात तेलकट पार्ट धरून उभा.

शेवरोले म्हटलं की दुकानदार मान वर न करता टवेराचा डबा काढतो. टवेरा नाही म्हटलं की ऑप्ट्रा. ऑप्ट्रा नाही म्हटलं की माझ्याकडे बघत स्पार्क. गंमत म्हणजे टवेरा मुळात इसुझूची, ऑप्ट्रा आणि स्पार्क देवूच्या, तिथं सगळाच उसना कारभार होता, पण त्यांचे पार्ट निदान गल्लोगल्ली मिळतात. आणि सुबारू म्हटलं की "वो रॅलीवाली? वो इंडिया में किधर आई?" असं म्हणून तो बाजूच्या दुकानदाराला बोलावतो, दोघं मिळून मला बघतात.

गाडी सासऱ्यांची. त्यांनी २००४ ला हौसेनं घेतली, आणि पुढे डोंबिवलीत नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग मिळेना म्हणून जावयाला दिली. लग्नात मी एक रुपया घेतला नव्हता, तो हिशोब त्यांनी व्याजासकट चुकता केला. दर रविवारी फोन येतो. "काय जावईबापू, गाडी काय म्हणते?" मग नातू, मग मुलगी, आणि बोलण्यात जागा उरली तर मी.

तर हिचं इंजिन आडवं झोपलेलं. चार सिलिंडर, दोन या अंगाला दोन त्या अंगाला, पिस्टन वरखाली न होता आडवे धावतात, त्याला बॉक्सर म्हणतात, आणि सुबारू १९६६ पासून हा हट्ट धरून बसलीय. फायदा असा की वजन खाली राहतं, गाडी वळणावर डुलत नाही, आणि आवाज असा घुमतो की सोसायटीतली पोरं बुलेट आली म्हणून गॅलरीत येतात आणि ही दिसली की परत आत जातात. हे सगळं ठीक. पण स्पार्क प्लग कुठे आहेत? इतर गाड्यांत वरून टोपण काढलं की हाताशी येतात. हिचे इंजिनाच्या दोन्ही कुशीत, चासीकडे तोंड करून. तिथं पोचायला आधी बॅटरी काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, वायपरच्या पाण्याची बाटली काढा, मग सॉकेट, त्याला छोटं एक्स्टेन्शन, त्याला युनिव्हर्सल जॉइंट, आणि हे सगळं आत अंधारात जोडायचं, कारण बाहेर जोडून आत जातच नाही. आमचे मिस्त्री डोळे मिटून, जीभ जराशी बाहेर काढून हे काम करतात. हात बाहेर आला की मनगटाची साल गेलेली असते. ते जखमेवर फुंकर मारतात आणि शांतपणे म्हणतात, "साब, जिसने ये डिझाइन किया ना, उसको एक बार मेरे पास भेजो."

इंजिन झोपल्यामुळे व्हॉल्व कव्हरही वर नाही, बाजूला. त्याचं रबरी गॅस्केट वयानं कडक झालं की तेल झिरपतं आणि थेंब थेंब खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. त्यामुळे कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहिलं की आत बसलेल्यांना वास येतो आणि शेजारचा रिक्षावाला वाकून सांगतो, "काका, कायतरी जळतंय." मी मान डोलावतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते आमच्या पार्किंगमध्ये शब्दशः खरं आहे, वॉचमनने आपणहून खाली पुठ्ठा अंथरलाय आणि दर महिन्याला तो बदलतो, ज्याबद्दल त्याला दिवाळीला वेगळं पाकीट असतं.

मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत मला शिकवलं की जुन्या मालात काय घ्यायचं आणि काय नाही. लोखंड जुनं चालतं, काच चालते, प्लास्टिक चालतं. अल्टरनेटर, स्टार्टर जुना घेऊन ब्रश बदलले की चालतो. पण रबर, बेल्ट आणि बेअरिंग जुनं घ्यायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी नाही. टायमिंग बेल्टच्या बाबतीत तर ते आवाज खाली आणून बोलतात, कारण तो तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग जुनं-नवं काही विचारायचं कारणच उरत नाही.

मागच्या चाकाच्या बेअरिंगची गोष्ट सांगायलाच हवी. साठच्या वर गेलं की मागून घूं असा आवाज यायचा. आता साठच्या वर जाणार कुठे? घोडबंदर रोडला? मिस्त्रींनी टेस्ट ड्राइव्ह घेतली, माजिवड्यापर्यंत गेले, ट्रॅफिकमध्ये बसून मोबाइलवर मॅच बघितली आणि परत येऊन म्हणाले, "आवाज कुछ भी नहीं है." शेवटी पहाटे त्यांना घरून उचललं, ठाणे-बेलापूर रोडनं थेट पाम बीच गाठलं. मोकळा रस्ता, गाडी लयीत आली, घूं सुरू झालं. मिस्त्री मागच्या सीटवर आडवे होऊन कान लावून ऐकत होते, बाजूनं सायकलवाले जात होते, एकानं स्पीड कमी करून आत डोकावून पाहिलं आणि मग जोरात पेडल मारत निघून गेला. निदान झालं, डावं मागचं. पण उघडल्यावर कळलं की नुसतं बेअरिंग नाही, ते ज्या नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, बसतं ती बैठकच झिजलेली. म्हणजे बेअरिंग नवं घ्यायचं, नकल जुन्या मालातली.

म्हणून कुर्ला. सीएसटी रोडच्या कडेनं ती दुकानं आहेत, दरवाजे दोरीला टांगलेले, बंपरच्या थप्प्या, हेडलाइट पोत्यात, आणि आत कुठे तरी पार अंधारात स्टुलावर बसलेला माणूस ज्याला सगळं पाठ. तुम्ही पार्ट नंबर सांगितला की तो हात झटकतो. "नंबर मत बोलो, माल दिखाओ." म्हणून आपली झिजलेली नकल पिशवीत घालून न्यावी लागते. ठाण्याहून लोकलमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो, समोरच्या आजींनी बराच वेळ पिशवीतून पाझरणाऱ्या ग्रीसकडे बघून विचारलं, "मासे का?" मी म्हटलं, "नाही आजी, मागच्या चाकाचं आहे." त्यांनी पाय आत घेतले.

इथं एक सांगतो. लग्नाच्या पत्रिका जुळवणाऱ्या काकू जशा आधी गोत्र विचारतात तसा सुबारूचा पार्ट नंबर, एक अंक इकडचा तिकडे झाला की पुढे बोलणंच नाही. पण फॉरेस्टर बेतलीय सुबारूच्याच इम्प्रेझा गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, त्यामुळे इम्प्रेझाचं बरंच काही हिला बसतं. ऐकायला छान वाटतं. फक्त इम्प्रेझा आपल्याकडे फॉरेस्टरपेक्षाही कमी.

स्टुलावरच्या माणसानं माझी नकल हातात फिरवली, वास घेतला (का ते माहीत नाही), आत गेला आणि तशीच एक घेऊन आला. कुठल्या तरी ठोकलेल्या फॉरेस्टरची. किंमत सांगितली ती ऐकून मी खुर्ची मागितली. तो म्हणाला, "साब, पूरे इंडिया में एक ही पीस है." मी म्हटलं, "भाई, लेनेवाला भी पूरे इंडिया में एक ही है." यावर तो पहिल्यांदा हसला, चहा मागवला, आणि निम्म्यात सौदा झाला. बेअरिंगवर कोरलेला नंबर घेऊन मुंबईत नागदेवीच्या बाजारात गेलो तर तिथल्या बेअरिंगवाल्यानं गाडी कोणती हे विचारलंसुद्धा नाही, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, संपलं. त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

टायरचं दुखणं वेगळंच. चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे चारही टायरचा घेर सारखा लागतो, पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल उगाच राबत राहतो आणि तापतो. आता घोडबंदरच्या खड्ड्यात एक टायर फाटला की बाकीचे तीन धडधाकट असूनही रिटायर. टायरवाला पंचर काढायला येतो आणि चार टायरचं बिल करून जातो, तो माझ्याशी फार प्रेमानं वागतो. बायको म्हणाली, "तीन जुने विकून टाक." कुणाला विकणार, तेवढ्याच झिजलेल्या चौथ्या टायरवाल्याला?

याच कारणानं ही गाडी पुढची दोन चाकं उचलून ओढायची नसते, न्यायची तर फ्लॅटबेडवर. हे एकदा नौपाड्यात गोखले रोडला टोइंगवाल्या पोरांना समजावत होतो. त्यांनी हूक लावायला घेतला तसा मी धावत आलो, "चारही उचला, नाहीतर एकही उचलू नका!" पोरगा म्हणाला, "काका, चार कशी उचलू, हात दोन आहेत." मी मग त्या मधल्या डिफरन्शियलमधलं व्हिस्कस कपलिंग म्हणजे काय हे सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आत सिलिकॉन तेल असतं, त्यात पातळ चकत्या असतात, वेगात फरक पडला की ते तेल घट्ट होतं... हवालदारसाहेब गाडीतून उतरले, थोडं ऐकलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "सोड रे ह्यांना." पावतीच्या दंडापेक्षा माझं लेक्चर महाग पडेल हे त्यांनी बरोबर ओळखलं.

आरटीओत तर पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं रिन्यूअल सुरुवातीला ६०० रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ पासून ते ५००० झालं, वर ग्रीन टॅक्स. ते भरलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यासाठी रबरी पाइप नवे टाकले, ते मेव्हणीनं शारजाहून आणले. तिकडे जुन्या गाड्यांच्या पार्टचा मोठा बाजार आहे, त्यामुळे तिच्या बॅगेत खजुराच्या पाकिटांमध्ये माझं काही ना काही असतंच. टेललाइट साड्यांत गुंडाळून येते. मागच्या खेपेला खजुरालाच तेलाचा वास होता, आम्ही तो तरी खाल्ला.

आणि परवा मॉलच्या पार्किंगमध्ये वायपरखाली चिठ्ठी. "गाडी विकायची असल्यास फोन करावा. पार्टसाठी हवी आहे." खाली नंबर. मी तिथूनच फोन लावला. गृहस्थ नेरुळचे, निवृत्त, त्यांच्याकडेही हीच गाडी, हाच रंग. मी म्हटलं, "साहेब, तुमची कधी विकताय? मलाही पार्टसाठी हवीय." ते जरा गप्प झाले. मग दोघांनी एकमेकांच्या गाडीची चौकशी केली, अगदी सविस्तर, किलोमीटर किती, कूलंट खाते का, क्लच कसा आहे, आणि जे ऐकलं त्यानं दोघंही जरा नाराज झालो, कारण दोन्ही गाड्या बऱ्या आहेत. आता ते अधूनमधून फोन करतात. कालच आला होता.

"पावसाळ्यात घोडबंदरला जास्त काढू नका हो गाडी," ते कळकळीनं म्हणाले.

"नाही, नाही, जपूनच चालवतो."

"हां, आणि तो डावीकडचा मागचा दरवाजा जोरात लावू नका. फ्रेम नाही त्याला, काच तडकते," मग जरा थांबून, "आणि माझी तीच काच फुटलीय."